जात्याला टाकी लागते, दाताला लागत नाही



मागच्या वेळी गुडघ्यांविषयी लिहिले होते. त्यानंतर एका बाईंचा फोन आला. म्हणाल्या, "माझा एकही दात किडलेला नाही, हलतही नाही. पण आरशात बघते तर दात आखूड झालेले दिसतात. असं का होतं?" प्रश्न फार चांगला आहे. किडलेल्या दाताविषयी सगळे बोलतात, झिजलेल्या दाताविषयी कोणी बोलत नाही. कारण कीड दुखते. झीज बराच काळ दुखत नाही, आणि दुखू लागते तेव्हा उशीर झालेला असतो.

हा लेख लिहिण्यामागे आणखी एक कारण आहे. ते माझ्या घरचे आहे, म्हणून आधी तेच सांगते.

आमच्या घरची गोष्ट

निवृत्तीनंतर आम्ही दोघे मुलीकडे डब्लिनला आलो. हे डब्लिन आयर्लंडमधले नव्हे, कॅलिफोर्नियातले. सॅन फ्रान्सिस्कोहून पूर्वेकडे येणारी बार्टची गाडी जिथे संपते, तिथले. माझे यजमान जेवणाचे शौकीन होते. तांदळाची भाकरी, नारळाच्या रसातले मटण, वर सोलकढी, असे ताट असले की त्यांना दुसरे काही लागत नसे.

इथे आल्यावर चौथ्या वर्षी त्यांचे जेवण कमी होऊ लागले. प्रथम भाकरी सुटली. "इथलं पीठ बरं नाही," म्हणाले. मग मटण सुटले. "आता वयाला जड पडतं." मग काकडी, शेंगदाणे, सफरचंद. शेवटी ताटात मऊ भात, वरण आणि दूध-पाव एवढेच राहिले. आठ महिन्यांत अकरा पौंड वजन उतरले. डॉक्टरांनी रक्त तपासले, थायरॉइड पाहिले, पोटाचा स्कॅन केला. सगळे ठीक निघाले. मन उदास असते का, असेही विचारून झाले. मी रात्री जागी राहून नको नको ते आजार मनात आणत होते.

एका संध्याकाळी ते चहात खारी बुडवून बसले होते. ती पार विरघळेपर्यंत ते थांबले आणि मग चमच्याने उचलून खाल्ली. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्यांना स्वयंपाकघरातल्या दिव्याखाली बसवले आणि म्हटले, "तोंड उघडा बघू."

उजव्या बाजूच्या खालच्या दाढा सपाट झाल्या होत्या. मधोमध पिवळे खळगे पडले होते आणि कडा पातळ, धारदार झाल्या होत्या. जिभेच्या बाजूला त्या कडांनी जखम केली होती. त्या दाढांच्या बरोबर वर एक पांढरीशुभ्र कॅप होती. मुंबईहून निघण्याआधी बसवून घेतलेली. इतकी वर्षे मी त्या कॅपला त्यांच्या तोंडातला सर्वांत चांगला दात समजत होते. डाव्या बाजूला अर्धी कवळी होती, अकरा वर्षांची. तिचे दात घासून इतके गुळगुळीत झाले होते की त्यांवर काही दळलेच जात नव्हते.

मी विचारले, "सांगितलं का नाही?"

"दुखत नव्हतं," ते म्हणाले. "आणि इथे दाताला किती पैसे पडतात, ठाऊक आहे ना. पोरीवर कशाला."

छत्तीस वर्षे मी नर्स होते. हजारो लोकांच्या तोंडात थर्मामीटर ठेवला असेल. घरच्या माणसाच्या तोंडात मात्र पाहिले नाही. वाचकहो, म्हणून हा लेख.

दात म्हणजे जाते

आपल्या पिढीने जाते पाहिले आहे. खालची तळी स्थिर, वरची फिरती. दोन्हींच्या अंगावर टाकीचे खड्डे असतात, म्हणून दाणा भरडला जातो. दळून दळून ते खड्डे बुजले की दगड गुळगुळीत होतो आणि पीठ जाडे पडते. मग टाकी लावणारी बाई बोलवायची. पाट्या-वरवंट्याचेही तेच. आपल्या दाढांवरही असेच उंचवटे आणि खड्डे आहेत. ते झिजले की घास भरडला जात नाही. फरक एवढाच की जात्याला पुन्हा टाकी लावता येते. दाताचे झिजलेले कवच पुन्हा उगवत नाही.

असे का? दाताच्या वरच्या कवचाला एनॅमल म्हणतात. आपल्या शरीरातला हा सर्वांत कठीण पदार्थ. हाडापेक्षाही कठीण. त्याच्या वजनातील सुमारे ९६ टक्के भाग खनिज असतो. पण त्यात जिवंत पेशी नसतात. हाड मोडले तर जुळते, कातडी कापली तर भरून येते, कारण तिथे पेशी काम करतात. एनॅमल तयार करणाऱ्या पेशी दात हिरडीतून बाहेर येतानाच संपून जातात. म्हणून वयाच्या सहाव्या वर्षी जी दाढ येते, तिचे कवच जन्मभर पुरवायचे असते.

दाढेच्या उंचवट्यावर हे कवच साधारण अडीच मिलिमीटर जाड असते. हिरडीजवळ ते पातळ होत होत संपते. कवचाखाली असते डेंटीन. ते पिवळसर आणि बरेच मऊ. त्यात बारीक बारीक नळ्या असतात आणि त्या आतल्या नसेच्या दिशेने जातात. डेंटीन उघडे पडले की गार पाणी लागताच दात शिवशिवतो, तो या नळ्यांमुळे.

बेल्जियममधील ल्युव्हेन विद्यापीठाच्या संशोधकांनी ही झीज प्रत्यक्ष लोकांच्या तोंडात मोजली आणि १९८९ साली प्रसिद्ध केली. जिथे वरची व खालची दाढ एकमेकींवर टेकते, तिथे वर्षाला सुमारे २९ मायक्रॉन कवच झिजते असे त्यांना आढळले. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. २९ मायक्रॉन म्हणजे डोक्याच्या केसाच्या निम्म्या जाडीएवढे. काहीच नाही, असे वाटेल. पण साठ वर्षांचा हिशेब करा. पावणेदोन मिलिमीटर होतात. अडीचातून पावणेदोन वजा केले तर किती उरले? म्हणजे सत्तरीत दाढा सपाट होणे हा आजार नव्हे, हे वयाचे देणे आहे. मात्र आपल्या सवयींनी हीच झीज दुप्पट-तिप्पट झाली, तर कवच साठीच्या आधीच संपते.

पूर्वीच्या लोकांचे काय होत असेल? पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी १९६८ ते १९८३ या काळात तिथे खोदकाम केले. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची वस्ती आणि त्यांच्या अस्थी तिथे मिळाल्या, आणि त्यांच्या दातांचाही अभ्यास झाला. दगडावर दळलेल्या पिठात दगडाची कच उतरते. जगात जिथे जिथे माणूस असे पीठ खात होता, तिथे तिथे दात लवकर घासले गेले. आपल्या पिठात आता कच नाही. पण झिजवणाऱ्या दुसऱ्या वस्तू आपण स्वतः तोंडात आणल्या आहेत.

झीज तीन वाटांनी येते

पहिली वाट म्हणजे दातावर दात घासणे. जेवताना दात एकमेकांना फार वेळ टेकत नाहीत, मध्ये घास असतो. खरी झीज होते ती झोपेत दात खाणाऱ्यांची. आपल्याकडे समजूत आहे की पोरगा दात खातो म्हणजे पोटात जंत झालेत. त्याला आधार नाही. मोठ्यांमध्ये ताण, झोपेत श्वास अडकण्याचा आजार आणि उदासीनतेवरची काही औषधे यांच्यामुळे दात खाणे वाढते. सकाळी उठल्यावर जबडा अवघडलेला असेल, कानशिले दुखत असतील, तर ही शंका घ्यावी. रात्री दातांवर घालण्याचे प्लॅस्टिकचे आवरण दंतवैद्य मापाने करून देतात. ते दात खाणे थांबवत नाही. पण दाताऐवजी ते झिजते, आणि ते नवे करता येते.

दुसरी वाट म्हणजे बाहेरच्या वस्तूने घासणे. आपल्या लहानपणी कोकणात कोणी राखेने दात घासत, कोणी विटेच्या भुकटीने, कोणी जाड्या मिठाने, कोणी काळ्या मंजनाने. बायका मिश्री लावत. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखू. ती दात घासतेच, शिवाय तोंडाच्या कर्करोगाला आमंत्रण देते. भारत सरकारने १९९२ साली टूथपेस्ट व मंजनात तंबाखू घालण्यावर बंदी आणली, तरी घरोघरची मिश्री चालूच राहिली. माझी आजी ती शेवटपर्यंत सोडू शकली नाही.

पण मिश्रीवाल्यांना नावे ठेवण्याआधी आपला ब्रश पाहा. मी स्वतः साठ वर्षे कडक ब्रशने, भांडी घासावीत तसे दात घासले. जोर म्हणजे स्वच्छता, अशी शिस्तच होती. वॉर्डातल्या रुग्णांनाही मी तसेच शिकवले. आज माझ्या डाव्या सुळ्याच्या मुळाशी कुऱ्हाडीने घाव घातल्यासारखी खाच आहे. डावीकडेच का? कारण मी उजव्या हाताची. उजव्या हाताने ब्रश धरला की डाव्या बाजूला जोर जास्त पडतो. दात पांढरे करणाऱ्या काही पेस्ट आणि कोळशाची पावडर यांतही खरखरीतपणा जास्त असतो. हल्ली कोळसा नव्या डब्यात, महाग होऊन परत आला आहे. तो जुनाच कोळसा आहे.

तिसरी वाट आंबटाची, आणि हीच सर्वांत फसवी. कैरी किंवा चिंच खाल्ली की दात आंबतात, हे पोरालाही ठाऊक असते. आंबणे म्हणजे काय? तोंडातली आम्लता एका पातळीपलीकडे गेली, शास्त्राच्या भाषेत पीएच साधारण ५.५ च्या खाली उतरला, की कवचातले खनिज विरघळू लागते. लिंबाच्या रसाचा पीएच दोन-अडीचच्या आसपास असतो. कोला पेयांचाही तसाच. तोंडातली लाळ थोड्या वेळात आम्ल धुऊन काढते आणि काही खनिज परतही देते. पण तोवर दाताचा पृष्ठभाग मऊ झालेला असतो. त्याच वेळी ब्रश फिरवला तर मऊ झालेला थर निघून जातो.

म्हणून सकाळी उपाशीपोटी लिंबू-पाणी आणि लगेच ब्रश, ही आजची आवडती सवय दाताला फार वाईट. आमसूल, चिंच, सोलकढी सोडा असे मी म्हणत नाही. त्या सोडल्या तर आपल्या स्वयंपाकात राहिले काय? जेवणासोबत घ्या, घोट घोट करत तासभर पीत बसू नका, आणि नंतर साध्या पाण्याने चूळ भरा.

आंबट पोटातूनही वर येते. ज्यांना रात्री जळजळते, घशाशी आंबट येते, त्यांच्या वरच्या पुढच्या दातांची आतली, टाळूकडची बाजू झिजते. बाहेरून काही दिसत नाही. दंतवैद्याने तशी झीज पाहून सांगितले, तर पोटाच्या डॉक्टरांकडेही जावे.

लाळ हा दातांचा नोकर आहे. पगार न घेता रात्रंदिवस काम करतो. म्हातारपणी तो थकतो, आणि त्याला थकवतात मुख्यतः आपल्या गोळ्या. सर्दी-खाजेच्या, झोपेच्या, उदासीनतेच्या, वारंवार लघवी होण्याच्या आणि रक्तदाबाच्याही काही गोळ्यांनी तोंड कोरडे पडते. कोरड्या तोंडात कीड आणि झीज दोन्ही दौडत येतात. गोळी आपल्या मनाने बंद करू नका, पण "माझं तोंड कोरडं पडतं" हे डॉक्टरांना सांगा. उपासाच्या दिवशी तोंड कोरडे पडणारच. त्या संध्याकाळी उपास सोडताना पहिला घोट सरबताचा नको, साध्या पाण्याचा घ्या.

भरलेले दातही झिजतात

आपल्यापैकी बहुतेकांच्या तोंडात आता देवाचे दात कमी आणि दंतवैद्याचे काम जास्त. लोकांना वाटते, एकदा चांदी भरली, कॅप बसवली, की झाले. तसे नाही. तीही जात्याचीच तळी आहे.

चांदी. तिला अमाल्गम म्हणतात. तिच्यात वजनाने सुमारे अर्धा पारा असतो आणि बाकी चांदी, कथील, तांबे. ती दाताच्या कवचासारखीच सावकाश झिजते, म्हणून टिकते. माझ्या एका दाढेत लग्नाआधीची चांदी अजून आहे. तिचा दोष असा की ती दाताला चिकटत नाही, नुसती अडकून बसते. वर्षे गेली की कडेला फट पडते, तिथे कीड शिरते, किंवा दाताची उरलेली भिंत तडकते.

दातासारखे पांढरे भरण. याला कंपोझिट म्हणतात. अमेरिकेच्या सरकारी प्रयोगशाळेत काम करणारे राफाएल बोवेन यांनी त्यातल्या मुख्य राळेचे पेटंट १९६२ साली घेतले. या राळेत काचेसारखे बारीक कण मिसळलेले असतात. सुरुवातीच्या कंपोझिटमध्ये कण मोठे होते. आजूबाजूची राळ झिजली की कण गळून पडत, आणि दाढेत भरलेले काम काही वर्षांत खोल जाई. आताचे कण फार बारीक असतात, त्यामुळे झीज बरीच कमी झाली आहे. तरी दात खाणाऱ्या माणसाच्या दाढेतला मोठा खड्डा याने भरला, तर तो लवकर झिजतो किंवा तुटतो.

सिमेंट. हिरडीजवळच्या खाचा भरायला वापरतात ते ग्लास आयोनोमर. विल्सन आणि केंट या दोघांनी लंडनमध्ये ते शोधले आणि १९७२ च्या सुमारास पुढे आणले. त्यातून थोडे थोडे फ्लोराइड बाहेर पडते, हा गुण. ते लवकर झिजते, हा अवगुण. म्हणून ते चावण्याच्या जागी कायमचे म्हणून भरत नाहीत.

सोने. पूर्वीचे श्रीमंत सोन्याची कॅप मिरवीत, आणि आपण हसत होतो. पण सोन्याच्या मिश्रधातूचा एक गुण खरा आहे. समोरच्या दाताशी तो मायेने वागतो, त्याला फारसा झिजवत नाही.

चिनी मातीची कॅप आणि झिरकोनिया. इथे नीट लक्ष द्या, कारण आमच्या घरी हेच घडले. चिनी मातीच्या कॅपवर भट्टीत चकाकी चढवलेली असते. कॅप बसवल्यावर ती उंच लागली, तर दंतवैद्य मशीनने थोडी घासतात. यात गैर काही नाही. पण घासलेली जागा पुन्हा गुळगुळीत केली पाहिजे. ती तशीच खरखरीत सोडली, तर समोरच्या दातावर रोज सँडपेपर फिरतो. आमच्याकडे तसे झाले होते. कोणी केले, कुठे केले, हे सांगण्यात आता अर्थ नाही. झिरकोनिया तर चिनी मातीहूनही कठीण. तरी तो नीट चकचकीत केलेला असेल, तर खरखरीत चिनी मातीपेक्षा समोरच्या दाताला कमी झिजवतो. म्हणजे नुसता कठीणपणा वैरी नाही, खरखरीतपणा वैरी आहे. जात्याला जी टाकी हवी, ती कॅपला नको.

कवळी. बहुतेक कवळ्यांचे दात ॲक्रिलिकचे, म्हणजे एक प्रकारच्या प्लॅस्टिकचे. ते हळूहळू झिजतात. कवळीखालचे जबड्याचे हाडही बसत जाते. दोन्ही मिळून चेहऱ्याची उंची कमी होते. हनुवटी नाकाकडे येते, ओठांच्या कोपऱ्यांत सुरकुती पडते, तिथे लाळ साचते आणि कातडी चिरते. लोक म्हणतात, व्हिटॅमिन कमी पडले. कधी तसेही असते, पण आधी कवळी पाहावी. पाच-सात वर्षांनी कवळी नव्याने तपासून घ्यावी, मग ती दुखत असो वा नसो.

आरशासमोर पाच मिनिटे

येत्या शुक्रवारी दुपारी खिडकीजवळ, चांगल्या उजेडात हात धुऊन बसा. चष्मा लावा. घरात नातवंड असेल तर त्याला फोनचा टॉर्च धरायला सांगा. मग क्रमाने पाहा:

एक. दाढांवर उंचवटे आहेत की पाटासारख्या सपाट झाल्या आहेत?

दोन. दाढेच्या माथ्यावर पिवळे खळगे आहेत का? ते असतील तर कवच संपून डेंटीन उघडे पडले आहे.

तीन. जुनी चांदी आजूबाजूच्या दातापेक्षा वर आल्यासारखी दिसते का? चांदी वर येत नसते. आम्लाने तिच्या भोवतालचा दात विरघळून खाली गेला आहे. आंबट खाण्याची किंवा पोटातल्या आंबटाची ती मोठी खूण.

चार. हिरडीजवळ नख अडकेल अशी खाच आहे का?

पाच. जिभेच्या कडेला किंवा गालाच्या आत धारदार दाताने जखम आहे का? दोन आठवड्यांत बरी न होणारी तोंडातली कुठलीही जखम डॉक्टरांना दाखवायचीच. यात टाळाटाळ नको.

सहा. ओठांचे कोपरे चिरले आहेत का?

यानंतर शेवटचा प्रश्न, आणि तो आरशाला नव्हे, स्वतःला विचारायचा. गेल्या वर्षभरात कोणता पदार्थ खाणे मी सोडले? भाकरी, चणे, पेरू, मटण? आवड बदलली म्हणून सोडला, की चावत नाही म्हणून?

रोज काय करावे

ब्रश मऊ घ्या. पेन धरतो तसा बोटांत धरा, मुठीत नको. दोन मिनिटे, दिवसातून दोनदा, त्यातले एकदा झोपताना. फ्लोराइडची पेस्ट वापरा आणि नंतर खळखळून चूळ भरू नका, नुसते थुंका. आंबट खाल्ल्यावर किंवा उलटी झाल्यावर पाण्याने चूळ भरा, पण ब्रशसाठी अर्धा ते एक तास थांबा. हाताला संधिवात असेल तर विजेचा ब्रश बरा, मात्र तोही दाबू नका. सुपारी, बर्फ आणि मटणाचे हाड दाताने फोडू नका. ती मर्दुमकी आता पुरे. कवळी रात्री काढून पाण्यात ठेवा.

तुम्ही विचारता ते प्रश्न

जुनी चांदी काढून टाकावी का? त्यात पारा आहे म्हणतात. युरोपीय संघात १ जानेवारी २०२५ पासून, काही अपवाद सोडता, नवी चांदी भरणे बंद झाले आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० साली गरोदर स्त्रिया, लहान मुले, मूत्रपिंडाचे व मज्जासंस्थेचे रुग्ण अशांना ती शक्यतो भरू नये असे सांगितले. पण त्याच प्रशासनाने हेही सांगितले की सुस्थितीतली जुनी चांदी, वैद्यकीय गरज नसेल तर, काढू नये. काढताना पाऱ्याची वाफ जास्त निघते आणि चांगला दातही कापला जातो. माझी दाढ मी तशीच ठेवली आहे.

फ्लोराइड विषारी असते ना? प्रमाणाचा प्रश्न आहे. चंद्रपूर, यवतमाळकडच्या काही गावांत विहिरीच्या आणि बोअरच्या पाण्यात फ्लोराइड नको तितके आहे. त्याने दातांवर तपकिरी डाग पडतात, हाडेही आखडतात. उलट अमेरिकेत १९४५ साली ग्रँड रॅपिड्स शहराने पिण्याच्या पाण्यात मोजून थोडे फ्लोराइड घालायला सुरुवात केली, ते दात कमी किडावेत म्हणून. मीठ भाजीत चिमूटभर आणि मूठभर, यात जो फरक, तोच इथे. पेस्ट ब्रशवर वाटाण्याएवढी पुरे.

दंतवैद्याला काय सांगायचे? सर्व गोळ्यांची यादी न्या. रक्त पातळ करणारी गोळी घेत असाल तर सांगा, पण स्वतःहून बंद करून जाऊ नका. हाडे ठिसूळ होऊ नयेत म्हणून अलेंड्रोनेटसारखी गोळी किंवा इंजेक्शन घेत असाल तर ते नक्की सांगा. दात काढल्यावर जबड्याची जखम भरायला त्याने क्वचित अडचण येते. आणि कॅप बसवून झाल्यावर एवढे विचारायला लाजू नका: "घासलेली जागा पुन्हा गुळगुळीत केली ना?"

खर्चाचे काय?

इथे अमेरिकेत आईवडिलांचे तोंड बंद राहते ते बहुधा याच भीतीने. साध्या मेडिकेअरमध्ये दातांचे नेहमीचे उपचार बसत नाहीत, हे खरे आहे. पण रस्ते आहेत. कॅलिफोर्नियात कमी उत्पन्नामुळे ज्यांना मेडि-कॅल आहे, त्यांना त्यातून दंतोपचार मिळू शकतात. सॅन फ्रान्सिस्कोत कॅलिफोर्निया विद्यापीठाचे आणि पॅसिफिक विद्यापीठाचे अशी दोन दंत महाविद्यालये आहेत. तिथे विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात आणि खर्च बाहेरच्यापेक्षा कमी येतो. वेळ मात्र फार लागतो. आम्ही डब्लिनहून बार्टने अशाच एका ठिकाणी जात होतो. सोबत डबा आणि वर्तमानपत्र. मुंबईच्या वाचकांना मुंबई सेंट्रलचे नायर दंत महाविद्यालय आणि सीएसएमटीजवळचे शासकीय दंत महाविद्यालय ठाऊक असेलच. पहिले १९३३ पासून चालू आहे.

यजमानांची ती कॅप तिथे घासून, चकचकीत करून दिली. खालच्या दोन दाढांवर नव्या कॅप बसल्या, आणि कवळी नवी झाली. या सगळ्याला पाच महिने लागले. मुलीला कळले तेव्हा ती रागावली. खर्चाबद्दल नव्हे. "मला आधी का नाही सांगितलंत?" यावर तिचे बाबा काही बोलले नाहीत.

पुढच्या रोश हाशानाला चिकाच्या हलव्याच्या आधी त्यांनी भाकरी मागितली. मी जरा जाडच थापली, मुद्दाम. त्यांनी दोन खाल्ल्या, सावकाश, दोन्ही बाजूंनी चावून. गेलेल्यातले सात पौंड वजन परत आले. आज ते नाहीत. दातांनी गेले नाहीत, हृदयाने गेले. पण शेवटची दोन वर्षे ते सगळ्यांबरोबर, सगळ्यांचे जेवण जेवले.

तेव्हा वाचकहो, घरात कोणी मऊ भातावर आले असेल, "आता भूक नाही" म्हणत असेल, तर वय झाले म्हणून सोडून देऊ नका. दिव्याखाली बसवा आणि म्हणा, "तोंड उघडा बघू." आणि मुलांनी विचारण्याची वाट न पाहता आपणही सांगावे. मुले रागावतात ती पैशासाठी नसते.

पुढच्या अंकात कान आणि श्रवणयंत्रे यांविषयी लिहीन. आपले प्रश्न संपादकांकडे पाठवावेत. सर्वांना आरोग्य लाभो.